मोटारीचा दोष दाखविणारा पडदा

चालत्या मोटारीचे इंजिन मध्येच अडखळू लागले, म्हणजे गाडी ‘मिसिंग मारते’ असे आपले गॅरेजवाले म्हणतात. तो हिसका चालकाला बसल्या जागी जाणवतो. परंतु त्याचे कारण मात्र कळत नाही. मग गाडी गॅरेजात जाते, तेथे तिला स्कॅनर लावला जातो आणि त्याच्या पडद्यावर ‘पी ०३०२’ असा सांकेतिक क्रमांक उमटतो. त्याचा अर्थ एवढाच की, दुसऱ्या सिलिंडरमध्ये इंधनाचे ज्वलन नीट होत नाही. ते का होत नाही, हे तो क्रमांक सांगत नाही. ठिणगी देणारा प्लग खराब असेल, त्याची कॉइल निकामी झाली असेल, इंधन फवारणारा इंजेक्टर तुंबला असेल, सिलिंडरमधला दाब गळत असेल, किंवा एखाद्या तारेचा सांधा गंजला असेल. कारणे पाच आणि खूण एकच! अशा वेळी पुष्कळदा असे घडते की, प्रथम प्लग बदलला जातो. गुण आला नाही तर कॉइल. तिनेही भागले नाही तर इंजेक्टर. चांगले भाग काढून त्यांच्या जागी नवे बसविले जातात, आणि चुकलेल्या प्रत्येक तर्काचे पैसे मालकाच्या खिशातून जातात. कारागिराचा हेतू वाईट असतो असे नाही. त्याच्यापाशी दोष पाहण्याचे साधनच नसते.

हे साधन म्हणजे ऑसिलोस्कोप. प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवण्याच्या जड पेटीच्या रूपाने पुष्कळांनी तो पाहिला असेल. आज मात्र तो एखाद्या जाड पुस्तकाएवढ्या पेटीत मावतो. तिला स्वतःचा पडदा नसतो. ती यूएसबीच्या तारेने लॅपटॉपला जोडावयाची आणि लॅपटॉपचाच पडदा वापरावयाचा. अशी पेटी कशी निवडावी आणि तिचा उपयोग कसा करावा, याचा विचार आज आपण करू.

प्रथम हे यंत्र नेमके काय करते, हे समजून घेतले पाहिजे. शाळेच्या व्यवहारातलाच एक दाखला घेऊ. एखाद्या मुलाची महिन्याची सरासरी हजेरी शेकडा ऐंशी आहे, एवढे सांगितले तर आपल्याला फारसे काही उमगत नाही. परंतु हजेरीपट उघडला आणि तो मुलगा दर बुधवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, गैरहजर असतो असे दिसले, की सारा उलगडा होतो. मोटारीच्या कामात साधा मीटर हा सरासरी सांगणारा आहे. तारेत १२ व्होल्ट आहेत, एवढे तो दाखवील. परंतु तेच १२ व्होल्ट क्षणभर नाहीसे होऊन पुन्हा आले, तर ते त्याच्या ध्यानातही येणार नाही. स्कॅनरवरचा क्रमांक हा प्रगतिपुस्तकावरच्या शेऱ्यासारखा आहे; कोठेतरी बिघडले आहे, एवढेच तो कळवितो. ऑसिलोस्कोप हा हजेरीपट होय. विद्युद्दाब क्षणाक्षणाला कसा चढला, कसा उतरला आणि कोणत्या क्षणी गैरहजर राहिला, याची तो रेघ काढून दाखवितो. पडद्यावर डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, आणि खालून वर दाब मोजला जातो.

ही कल्पना नवी नाही. विजेच्या कंपनांचे चित्र पडद्यावर उमटविणारी नळी कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली स्ट्रासबुर्ग येथे तयार केली. पुढे १९०९ साली बिनतारी संदेशाच्या कार्याबद्दल मार्कोनीबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारींमध्ये जोवर यांत्रिक भागच अधिक होते, तोवर ऑसिलोस्कोपची गरज थोड्यांनाच भासत असे. आता इंधन किती फवारावे, ठिणगी केव्हा पाडावी, हे सारे गाडीतला संगणक ठरवितो. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाल्यानंतर तर सेन्सरांची आणि तारांची संख्या आणखीनच वाढली. कान आणि हात यांनी इंजिन ओळखणाऱ्या जुन्या कारागिराची विद्या आजही मोलाची आहे. परंतु एका सेकंदाच्या हजाराव्या भागात होणारी चूक कानाला ऐकू येत नाही.

आता निवडीचा प्रश्न. बाजारात काही हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत किमतीच्या पेट्या मिळतात, आणि जाहिरातीत बहुधा एकच आकडा ठळक छापलेला असतो. तो म्हणजे मेगाहर्ट्झचा. हा आकडा जितका मोठा, तितक्या जलद कंपनांचे चित्र यंत्र काढू शकते. पण मोटारीला एवढ्या वेगाची गरज किती? हिशेब करून पाहू. पुष्कळ इंजिनांत क्रँकच्या चाकावर ६० दात्यांची जागा असते आणि त्यांतले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असले, म्हणजे सेकंदाला १०० फेरे झाले. त्या वेळी सेन्सरसमोरून सेकंदाला ६००० दात्यांच्या जागा सरकतात. ही ६ किलोहर्ट्झची कंपने झाली. मेगाहर्ट्झच्या तुलनेने ती फार सावकाश आहेत. गाडीतले निरनिराळे संगणक एकमेकांशी ज्या ‘कॅन’ नावाच्या जाळ्यावरून बोलतात, ते बॉश या जर्मन कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडले. त्याच्या नेहमीच्या जलद प्रकारात सेकंदाला पाच लक्ष चिन्हे जातात, म्हणजे एक चिन्ह सेकंदाच्या दोन दशलक्षांश भागाएवढे टिकते. त्याचेही चित्र २० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर स्वच्छ उमटते. तेव्हा यापेक्षा मोठ्या आकड्यासाठी गॅरेजवाल्याने पैसे मोजण्याचे कारण नाही.

मग पैसे कशासाठी मोजावयाचे? चार गोष्टींसाठी.

पहिली गोष्ट चॅनेलांची. एक चॅनेल म्हणजे एका वेळी एका तारेवर ठेवलेली नजर. दोन चॅनेल ही किमान गरज आहे, कारण मोटारीतले पुष्कळ दोष एका तारेत नसून दोन तारांच्या मेळात असतात. चार चॅनेल असतील तर क्रँक, कॅम, ठिणगी आणि इंधन या चौघांची हजेरी एकाच पटावर घेता येते.

दुसरी गोष्ट बारकाईची. यंत्र विद्युद्दाब मोजते ते पायऱ्यांनी. आठ बिटांच्या यंत्राला २५६ पायऱ्या असतात, बारा बिटांच्या यंत्राला ४०९६. उणे २० ते अधिक २० व्होल्ट असे माप लावले, तर आठ बिटांच्या यंत्राची एक पायरी सुमारे ०.१६ व्होल्टची होते आणि बारा बिटांच्या यंत्राची सुमारे ०.०१ व्होल्टची. सेन्सरची बारीक थरथर पहिल्या यंत्राला दिसणार नाही, दुसऱ्याला दिसेल.

तिसरी गोष्ट स्मृतीची. यंत्र दर सेकंदाला किती नमुने घेते, हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते किती नमुने साठवून ठेवते, हेही महत्त्वाचे. समजा, यंत्रापाशी फक्त दहा हजार नमुन्यांची जागा आहे आणि आपल्याला दहा सेकंदांचे चित्र हवे आहे. मग सेकंदाला एक हजारच नमुने वाट्याला येतात, आणि दोन नमुन्यांच्या मध्ये घडलेली चूक सुटून जाते. विरळ नमुन्यांचे चित्र नुसते अपुरेच नसते, ते खोटेही असू शकते. चित्रपटात धावत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, तोच हा प्रकार. अधूनमधून होणारा दोष पकडावयाचा असेल, तर लाखो नमुने साठविणारी पेटीच हवी.

चौथी गोष्ट पेटीबाहेरची आहे: तिच्याबरोबर येणारा प्रोग्रॅम आणि जोडीची साधने. चित्र जतन करणे, मागे जाऊन पाहणे, हवा तो भाग मोठा करणे, दोन क्षणांतले अंतर मोजणे, हे सहज जमले पाहिजे. साधनांत विद्युद्दाब कमी करून देणारा अ‍ॅटेन्युएटर हवा, आणि तार न तोडता तिच्याभोवती लावून प्रवाह मोजणारा करंट क्लॅम्प हवा. क्लॅम्प शक्यतो दोन असावेत: एक लहान प्रवाहांसाठी, दुसरा सेल्फच्या शेकडो अँपिअरांसाठी. माझ्या मते, हाती रक्कम बेताची असेल तर पेटीवरचे थोडे पैसे वाचवून चांगला क्लॅम्प घ्यावा.

दोन प्रत्यक्ष उदाहरणे घेतली म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होईल. हॅन्टेक ६०२२बीई ही दोन चॅनेलांची स्वस्त पेटी आठ बिटांची आहे. इंग्लंडमध्ये १९९१ साली स्थापन झालेल्या पिको टेक्नॉलॉजीची पिकोस्कोप ४४२५ए ही मोटारींसाठीच बनविलेली पेटी चार चॅनेलांची आणि बारा बिटांची आहे. तिची किंमत पहिलीच्या कितीतरी पट. परंतु जाहिरातीतला मेगाहर्ट्झचा आकडा दोघींचा सारखाच आहे, तो म्हणजे २०! शिकाऊ माणसाने पहिलीवर हात बसवावा, ज्याचा धंदाच हा आहे त्याने दुसरीच्या जातीची पेटी पाहावी. पण त्या एका आकड्यावरून निवड मात्र करू नये. लॅपटॉप नवाच हवा असे नाही; त्याची बॅटरी मात्र चांगली असावी. याचे कारण आता सांगतो.

उपयोगाला आरंभ करण्यापूर्वी सावधगिरीचे चार नियम पाठ केले पाहिजेत. बहुतेक पेट्यांमध्ये सगळ्या चॅनेलांच्या काळ्या तारा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. लॅपटॉप तीन पिनांच्या चार्जरवर असेल, तर त्या तारांचा संबंध घरातल्या अर्थिंगशीही येऊ शकतो. म्हणून लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालवावा आणि काळी तार बॅटरीच्या ऋण टोकालाच लावावी. ती चुकून १२ व्होल्टच्या टोकाला लागली, तर शॉर्ट सर्किट होईल. दुसरा नियम असा की, इंजेक्टर बंद होताना त्याच्या तारेवर क्षणभर ६० ते ८० व्होल्ट, आणि कॉइलच्या प्राथमिक बाजूवर ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत उसळी येते. तेथे अ‍ॅटेन्युएटरशिवाय हात घालू नये. प्लगच्या बाजूला तर हजारो व्होल्ट असतात. तेथे बाहेरून लावण्याचा खास पिक-अपच वापरावा. तिसरा नियम म्हणजे तारेच्या आवरणात सुई टोचू नये. कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवावी. गोवा आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत टोचलेल्या छिद्रातून ओल शिरते, तांब्यावर हिरवा गंज चढतो, आणि एका दोषाचा शोध दुसऱ्या दोषाला जन्म देतो. चौथा नियम विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांचा. त्यांतल्या नारिंगी तारांमध्ये शेकडो व्होल्ट असतात. योग्य शिक्षण आणि त्या कामाची खास साधने यांवाचून त्यांना स्पर्शही करू नये.

आता पुन्हा आपल्या ‘पी ०३०२’ कडे वळू आणि एक गाडी समोर आहे असे समजू. इंजिन चार सिलिंडरचे, आणि ठिणगीचा क्रम १-३-४-२.

पहिला प्रश्न असा की, चारही सिलिंडरांत दाब नीट तयार होतो का? यासाठी एकही प्लग काढावा लागत नाही. इंजेक्टरांचे कनेक्टर काढून इंधन बंद करावयाचे, मोठा क्लॅम्प बॅटरीच्या जाड केबलवर लावावयाचा आणि काही सेकंद सेल्फ मारावयाचा. प्रत्येक सिलिंडर हवा दाबू लागला, की सेल्फला अधिक जोर लावावा लागतो आणि प्रवाह वाढतो. पडद्यावर एकापुढे एक अशा टेकड्या उभ्या राहतात. दर टेकडी म्हणजे एक सिलिंडर. दुसऱ्या चॅनेलवर पहिल्या सिलिंडरच्या ठिणगीची आज्ञा घेतली, की पहिली टेकडी कोणाची हे समजते. तेथून क्रमाने मोजले, तर चौथी टेकडी दुसऱ्या सिलिंडरची. ती बुटकी असेल, तर दोष इंजिनाच्या पोटात आहे, आणि प्लग किंवा कॉइल बदलणे हा पैशाचा अपव्यय होय. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ही तुलना आपापसांतली आहे. चारही सिलिंडर सारखेच झिजले असतील, तर टेकड्याही सारख्याच दिसतील.

समजा, आपल्या गाडीत टेकड्या समान आल्या. पाच संशयितांपैकी एक सुटला. आता कनेक्टर परत लावून इंजिन चालू करू आणि लहान क्लॅम्प एकामागून एक चारही कॉइलींच्या पुरवठ्याच्या तारेवर लावू. प्रवाह तिरका चढत जातो आणि ठिणगीच्या क्षणी एकदम तुटतो. चारही चित्रे सारखी आली, तर कॉइलीपर्यंतची वीज आणि आज्ञा ठीक आहेत. त्यानंतर इंजेक्टर. चांगल्या इंजेक्टरचा प्रवाह चढत जाऊन सुमारे एक अँपिअरपर्यंत पोहोचतो, आणि चढावर मध्येच एक बारीक खाच दिसते. आतली सुई उचलली गेल्याची ती खूण. पहिला, तिसरा आणि चौथा इंजेक्टर असेच चित्र देतात; दुसऱ्याचा प्रवाह मात्र ०.६ अँपिअरवरच थांबतो.

आता कोणी म्हणेल, इंजेक्टर बदला. परंतु अजून एक पाऊल उरले आहे. इंजिन चालू असताना पुरवठा १४ व्होल्टचा आणि इंजेक्टरचा अवरोध १४ ओहम धरला, तर प्रवाह एक अँपिअर हवा. तो ०.६ आहे, म्हणजे वाटेत कोठेतरी सुमारे ९ ओहमचा जादा अवरोध बसला आहे. तो इंजेक्टरमध्ये की तारेत? इंजेक्टरच्या कनेक्टरवरच, संगणकाकडे जाणाऱ्या तारेवर चॅनेल लावू. इंजेक्टर उघडताना ही रेघ १४ व्होल्टवरून खाली शून्याजवळ यावयास हवी. उरलेल्या तिन्हींत ती येते. दुसऱ्यात मात्र साडेपाच व्होल्टच्या आसपास थबकते. ९ ओहम आणि ०.६ अँपिअर यांचा गुणाकारही तेवढाच भरतो. तेव्हा इंजेक्टर निर्दोष आहे. अडथळा त्याच्या आणि संगणकाच्या मधल्या तारेत आहे. ती तार तपासत गेले, की गंजलेली पिन सापडते. पिन स्वच्छ करून किंवा बदलून सांधा पक्का केला, की गाडी सुरळीत चालते. नवा प्लग नाही, नवी कॉइल नाही, नवा इंजेक्टर नाही. खर्च झाला तो एका पिनेचा आणि कारागिराच्या तासाभराच्या विद्येचा.

याच रीतीने क्रँक आणि कॅम यांचा मेळही पाहता येतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. दोघांच्या सेन्सरांची चित्रे एकाखाली एक ठेवली, की गाळलेल्या दोन दात्यांची फट आणि कॅमचा पल्स यांच्यातले अंतर मोजता येते. समजा, टायमिंग बेल्ट एक दाता सरकला आणि कॅमच्या चाकाला ४० दाते आहेत. कॅम ९ अंशांनी चुकला, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने १८ अंशांनी. आणि क्रँकच्या चाकावर दर दाता ६ अंशांचा असल्याने पडद्यावर हा पल्स बरोबर तीन दाते सरकलेला दिसेल. इंजिनाचे झाकण न उघडता ही गोष्ट कळते.

पडद्यावरचे चित्र स्थिर राहण्यासाठी ‘ट्रिगर’ नावाची सोय असते, तिचाही उल्लेख केला पाहिजे. शाळेची घंटा झाली की सारी मुले एकदम रांगेत उभी राहतात. तसे अमुक व्होल्टला रेघ वर चढली की तेथूनच चित्र सुरू कर, अशी आज्ञा आपण यंत्राला देतो. नवशिक्याचे पडद्यावरचे चित्र धावत असते, ते बहुधा ही घंटा न वाजविल्यामुळे.

शेवटी एक सूचना. कोणतेही यंत्र ‘येथे दोष आहे’ असे अक्षरात लिहून देत नाही. ते फक्त रेघ काढते. ती रेघ बिघडलेली आहे हे ओळखण्यासाठी चांगली रेघ कशी असते, हे आधी पाहिलेले असावे लागते. ज्याला शुद्ध अक्षर ठाऊक नाही, तो वही कशी तपासणार? म्हणून नवी पेटी घेणाऱ्याने पहिला महिना बिघडलेल्या गाड्यांपेक्षा चांगल्या चालणाऱ्या गाड्यांवर घालवावा. प्रत्येक चित्र जतन करून त्यावर गाडीचे नाव, इंजिनाचा वेग आणि तापमान लिहून ठेवावे. वर्षभरात असा जो संग्रह तयार होतो, तो पेटीपेक्षाही अधिक मोलाचा ठरतो. आणि तो हाताशी नसेल, तर एकाच गाडीतले तीन निरोगी सिलिंडर चौथ्याची साक्ष द्यावयास असतातच, हे आपण आत्ताच पाहिले.

बेळगाव असो, म्हापसा असो वा इंदूर असो, गॅरेजच्या दारात उभा राहिलेला गाडीचा मालक कारागिरावर विश्वास टाकूनच किल्ली त्याच्या हाती देत असतो. ‘हा भाग बदलून पाहू’ असे म्हणण्याऐवजी ‘ही पाहा, येथे रेघ थबकते आहे’ असे त्याला दाखविता आले, तर कारागिराचे बिलही पटते आणि त्याचा मानही वाढतो. जो भाग बदलावा लागला नाही, त्याचे पैसे वाचतात मालकाचे. पण ते वाचविण्याच्या विद्येचा मोबदला कारागिराला आनंदाने द्यावा, एवढे मालकानेही शिकले पाहिजे.